टिनाखालचा सर्व्हर आणि वहीतला तिसरा रकाना

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच रात्री तिसऱ्यांदा माझं मशीन, म्हणजे घरी जोडलेला सर्व्हर, बंद पडलं, तेव्हा मी दोष लाइनीला, म्हणजे विजेला दिला. आमच्या गावात ही रीतच आहे. टीव्ही गेला तर लाइन, मोटार जळली तर लाइन, पोराचे मार्क कमी आले तरी लाइनच. संध्याकाळी व्होल्टेज एवढं बसतं की पंख्याची पाती मोजता येतात, त्यामुळे संशयाला जागाही होती. हिंगणघाटला जाऊन सतराशे रुपयांचा स्टॅबिलायझर आणला. चौथ्या रात्री दोन वाजता मशीन परत बंद. स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा मात्र छान चालू होता.

मी लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ करतो. तुळशीच्या लग्नापासून सीझन सुरू होतो, पण खरा रेटा एप्रिल-मेमध्ये. पोरांच्या परीक्षा संपलेल्या, वावरं रिकामी, कापूस विकून थोडा पैसा हातात. म्हणजे माझं काम आणि ऊन एकाच महिन्यात डोक्यावर येतं. दोन कॅमेऱ्यांवरचं एका लग्नाचं फुटेज शंभर-सव्वाशे जीबी होतं. पार्टी पेनड्राइव्ह घेऊन जाते आणि तीन वर्षांनी नवरदेवाचा मामा दारात उभा राहतो, “भाऊ, त्या पेनड्राइव्हले काय झालं मालूम नाई, तुमच्यापाशी कॅसेट असन ना?” अजूनही कॅसेटच म्हणतात. नाही म्हणवत नाही. म्हणून जुन्या सामानातून घरीच एक सर्व्हर, म्हणजे सगळा साठा सांभाळत कायम चालू राहणारा कॉम्प्युटर, जोडला.

सामान म्हणजे एका बंद पडलेल्या क्लासच्या कॉम्प्युटरमधला आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर, २०११ सालचा. त्याच्यासोबतच आलेला एच-६१ मदरबोर्ड, चार-चार जीबीच्या दोन रॅम, दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क. आणि एक जुनं कॅबिनेट, ज्याच्या कपाळावर अजून फ्लॉपीची फट आहे आणि ज्यात एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वरच्या बाजूला बसतो. त्यावर लिनक्स टाकलं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वायफायच्या राउटरला एक वायर. दिवसा नुसता साठा सांभाळायचा आणि रात्री फुटेजचं लहान आकारात रूपांतर करायचं. हे रूपांतर म्हणजे प्रोसेसरचे चारही कोअर, एकाच चिपमधले चार मेंदू, पाच-पाच तास पूर्ण ताणावर. एरवी हा सर्व्हर पेन्शनरासारखा बसून असतो, रात्री मात्र त्याला नांगराला जुंपतो.

आणि हे सगळं ठेवलं होतं माडीवरच्या टिनाच्या खोलीत. जागा तिथेच होती.

स्टॅबिलायझरचे पैसे गेल्यावर मी लॉग, म्हणजे मशीन स्वतःच लिहून ठेवतं ती नोंद, उघडून बघितला. हे आधी करायला पाहिजे होतं. त्यात ओळीमागून ओळ एकच मजकूर होता: तापमान मर्यादेच्या वर, गती कमी केली. हे प्रोसेसर बिचारे जळत नाहीत. शंभरच्या आसपास आले की आपणच आपली गती पाडतात, आणि तरीही ताप चढत राहिला तर मशीन सरळ बंद करतात. माझं मशीन रोज रात्री हेच करत होतं आणि मी लाइनीला शिव्या घालत होतो.

सेन्सर दाखवणारा प्रोग्राम टाकला तर पहिल्याच ओळीत १२७ अंश. माझे हातपाय गळाले. मशीन रिकामं बसलेलं असताना १२७! बाजूला हात लावून बघितला तर साधं कोमट. थोडं वाचल्यावर कळलं की बोर्डावरच्या चिपला सेन्सर जोडण्यासाठी तीन-चार जागा असतात, त्यातल्या रिकाम्या जागेचा आकडा कायच्या काय येतो. प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरच्या ओळी वेगळ्या असतात, त्या बघायच्या. असंच २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते, गावभर दोन दिवस तीच चर्चा होती आणि मग सेन्सरच बिघडलेला निघाला. नागपूरचा खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. तो काही कमी आहे का?

कोअरच्या ओळी बघितल्या तर कामावर असताना ९८. भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगला. रात्रीचे अकरा वाजले होते आणि टिनाखाली ३९ अंश होते.

लग्नाच्या ऑर्डरी लिहायच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. खोली, प्रोसेसर आणि फरक. पहिली नोंद: ३९, ९८, ५९. तिसरा रकाना मी सहज आखला होता. पण पुढे दीड महिना मी फक्त त्याच्याकडेच बघत होतो, कारण पहिले दोन आकडे ऊन चढलं-उतरलं की बदलतात. खोली पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही पाच अंशांनी तापतो. पंखा कितीही लावा, तो खोलीतलीच हवा मारणार; खोलीपेक्षा थंड काही होणार नाही. मी काही सुधारणा केली की नाही, हे सांगणारा आकडा तिसऱ्याच रकान्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅबिनेट उघडलं.

आमच्याकडे कापूस वेचला की लगेच विकत नाहीत. भाव येईल, भाव येईल म्हणत माडीवर गंजी लावून ठेवतात, कधी कधी मार्चपर्यंत. त्या खोलीत झोपलं की अंगाला खाज सुटते, हे घरोघरी माहीत आहे. माझं मशीन चार महिने त्या गंजीच्या शेजारी चालू होतं. आज विचार केला की अंगावर काटा येतो. एसएमपीएसमधून एखादी ठिणगी उडाली असती तर मशीन, कापूस आणि घर एकदमच गेलं असतं. पण तेव्हा मला दिसलं ते एवढंच की पंख्याच्या खाली, पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांच्या मधे, एक गादी तयार झालेली आहे. वरून काहीच दिसत नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर थोडी धूळ, बस. स्क्रू-ड्रायव्हरने पंख्याच्या पकडी सोडवून तो उचलला आणि खालून अख्खी गोल चकती निघाली, करड्या रंगाची, जाड बनियनच्या कापडाएवढी, मधे पंख्याच्या मोटारीचा ठसा उमटलेला. कापसाचे तंतू आत ओढले गेले, त्यांच्यात धूळ अडकली, धुळीवर परत तंतू बसले. महिन्यांमागून महिने पंखा जीव तोडून फिरत होता आणि हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती.

चकती आईला नेऊन दाखवली. तिने चिमटीत धरून उजेडात बघितली.

“याची तं फुलवात बी नाई होत,” म्हणाली आणि सांदवाडीत फेकून दिली. वरून मला चुलीची फुंकणी आणून दिली, फुंक म्हणून. तोंडाची वाफ आत जाते म्हणून नको म्हटलं तर तिला ते काही पटलं नाही.

राहिलेली धूळ काढायला कॅबिनेट मोटारसायकलवर बांधून पंक्चरवाल्याकडे नेलं. दोन गोष्टी तिथे सांभाळाव्या लागतात. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते आधी खालच्या नळीतून सोडून द्यायला सांगायचं, नाहीतर बोर्डावर फवारा बसतो. आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, मोकळं सोडलं तर तो आपल्या ताकदीच्या बाहेर गरगरतो आणि बेअरिंग बसतं. पंक्चरवाल्याने दहा रुपयेही घेतले नाहीत, फक्त पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला रेट जरा सांभाळून लावा म्हणाला. म्हणजे सगळ्यात महाग साफसफाई तीच पडली.

नोंद दुसरी: ३८, ९०, ५२. सात अंश एका चकतीने खाल्ले होते.

आता प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावतात ती पेस्ट. प्रोसेसरच्या झाकणाचा आणि हीटसिंकच्या तळाचा धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात बारीक खाचा असतात आणि खाचांमध्ये हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याचं तांब्याचं माप ४०० धरलं आणि अॅल्युमिनियमचं २३५, तर त्याच मापाने हवेचं ०.०२६ भरतं. पेस्टही तांब्याच्या जवळपास येत नाही. त्या खाचांतून हवेला हुसकावून लावायचं, एवढंच तिचं काम. माझ्या मशीनवरची पेस्ट क्लासच्या काळातली असावी. हीटसिंक थोडा डावी-उजवीकडे पिळून उचलला तेव्हा ती पापडाच्या लाटीच्या कडेसारखी वाळून तडकलेली होती.

तो रविवार होता, हिंगणघाटची दुकानं बंद. आणि मित्राने टूथपेस्टचा सल्ला दिला. लपवत नाही, मी लावली. पहिल्या दिवशी ८४ आले, फरक ४६. मी मित्राला चहा पाजला. खोलीत लवंगेचा वास सुटला होता, आई म्हणाली उंदीर पळतील तरी. सहाव्या दिवशी आकडा ९३ वर. उघडून बघितलं तर टूथपेस्टमधलं पाणी उडून गेलेलं आणि खाली खडूसारखी पांढरी खरपुडी उरलेली. ती खरवडताना जो वेळ गेला, तेवढ्यात हिंगणघाटला दोनदा जाऊन आलो असतो. ओली असताना टूथपेस्ट काम करते हे खरं आहे, म्हणूनच तो सल्ला मरत नाही.

हिंगणघाटला टीव्ही दुरुस्त करणारे एक काकाजी आहेत. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टरला लावायची पांढरी हीटसिंक पेस्ट असते, चाळीस रुपयांना छोटी ट्यूब. कॉम्प्युटरवाल्यांच्या भारी पेस्टी असतात तशी ती नाही, पण वाळलेल्या पेस्टीपेक्षा लाखपट बरी. मी किती लावू विचारलं.

“तुरीच्या दान्याएवढी, मधोमध. मंग वरून दाबलं का आपोआप पसरते,” काकाजी म्हणाले. “लग्नातली हळद नाई लावायची, भाऊ. तुम्ही व्हिडिओवाले लोकं सगळं चोपडता.”

मेडिकलमधून स्पिरिट घेतलं, दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत पुसल्या, तुरीचा दाणा ठेवला. आणि हीटसिंक परत बसवताना कळलं की तो कधी नीट बसलेलाच नव्हता.

या जातीच्या कूलरला, म्हणजे हीटसिंक आणि पंखा मिळून होणाऱ्या जोडीला, चार कोपऱ्यांवर चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. वर काळी टोपी, टोपीवर बाण. बाणाच्या दिशेने फिरवली की पिन सुटते, बसवताना टोपी उलट फिरवलेली पाहिजे. एक इकडची, एक तिच्या कर्णावरची, अशा जोडीने दाबायच्या, बाजेची दोरी ओढतात तसं. प्रत्येक पिनेचा ‘टक्’ असा आवाज येतो. चार टक् आले पाहिजेत. मला तीनच आले. चौथ्या पिनेला दाबलं की बोर्ड भितीदायक वाकतो, आपण घाबरून हात सैल सोडतो आणि ती अर्धवट राहते. आधीही मीच बसवला होता, मीच घाबरलो होतो. जुन्या कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या मागे बघायला खिडकी नसते, म्हणून सगळा बोर्ड सोडवून आईच्या पाटावर वर्तमानपत्र टाकून ठेवला आणि उलटा करून बघितला. नीट बसलेल्या तीन पिनांचे पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळी सुई पुढे आलेली. चौथ्याचे पाय मिटलेले. म्हणजे वर्षभर हीटसिंक एका कोपऱ्यावर उचललेला होता, तीन पायांच्या बाजेसारखा. बोर्ड बाहेर असतानाच खालून हाताचा आधार देऊन चौथी पिन दाबली. टक्.

३८, ७९, ४१. चाळीस रुपये आणि एक टक्.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण एप्रिल संपत आला होता, पुढे अख्खा मे आणि त्याच्या शेवटी नवतपा. रोहिणीतले ते नऊ दिवस गावात कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. टिनाखाली खोली दुपारी ४५ च्या वर जाणार हे दिसत होतं, आणि लग्नं जास्त असली की रूपांतर दिवसाही चालवावं लागतं. पंचेचाळीसमध्ये एक्केचाळीस मिळवा.

माझ्या ड्रॉवरमध्ये एका जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा चांगला जाड कूलर पडून होता, मधे तांब्याचा गाभा असलेला. तो लावायला गेलो तर पिना भोकांवर येईनात. जुन्या ७७५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) भोवतालची भोकं एकमेकांपासून ७२ मिलिमीटरवर असतात आणि माझ्या बोर्डावरच्या ११५५ ची ७५ वर. तीन मिलिमीटर. दोन पिना बसतात आणि दोन बाहेर बघत राहतात. गावातला वेल्डिंगवाला म्हणाला भोकं वाढवून देतो, बोर्ड आण. त्याला नमस्कार केला.

मग नागपूर. लॅबमध्ये अल्बम द्यायचाच होता, ते उरकून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे कळलं की माझ्या मशीनवर जो कूलर आहे तो बारका, पूर्ण अॅल्युमिनियमचा, ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत येणारा. आय-फाइव्ह २४०० चा आकडा आहे ९५ वॅट. क्लासवाल्यांनी कधीतरी अदलाबदल केली असणार. ९५ वाल्यासोबत येणारा कूलर दिसायला तसाच असतो, पण उंचीला जास्त आणि तळाला मधोमध तांब्याची गोल टिकली. दुकानातल्या ढिगात उलटे करून करून एक शोधला, अडीचशे रुपये. शेजारी उभा असलेला एक पोरगा मला प्रोसेसरचं झाकणच काढून आतली पेस्ट बदलायला सांगत होता. २०१२ च्या पुढच्या पिढीत झाकणाखाली पेस्ट आहे, तिथे त्या खटाटोपाला काही अर्थ असेल. २०११ च्या या पिढीत झाकण सोल्डरने चिकटवलेलं आहे, ओढलं तर चिपच उखडायची. असे सल्ले फुकट असतात.

घरी येऊन लावला तर त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. बेअरिंग गेलेलं. अडीचशेत आणखी काय येणार होतं? पण हीटसिंक खणखणीत होता. एका मेलेल्या एसएमपीएसमधला बारा सेंटीमीटरचा पंखा काढला, तोही बारा व्होल्टचाच असतो, आणि हीटसिंकवर चार प्लॅस्टिक टायने आवळून बांधला. त्याला दोनच वायरी. त्या डिस्कच्या जुन्या पॉवर जोडणीच्या पिवळ्या आणि काळ्यावर जोडल्या. पिवळी बारा व्होल्ट, काळी अर्थ. लाल पाच व्होल्टची, तिला हात लावला नाही. दिसायला प्रकार ओंगळ होता, पण आकडा देखणा आला: ३७, ७१, ३४.

दोन दिवसांनी पहाटे चारला लाइन गेली आणि आली. सकाळी सर्व्हर दिसेना. वर जाऊन बघितलं तर पंखा फिरतोय, दिवा लागलेला, पण नेटवर्कवर काही नाही. माझा कामाचा मॉनिटर उचलून वर नेला. पडद्यावर लिहिलेलं: सीपीयूच्या पंख्यात बिघाड, एफ-१ दाबा. बोर्डाला पंख्याचा वेग तिसऱ्या वायरीतून कळतो. दोन वायरींच्या पंख्याला सांगायला तोंडच नाही, म्हणून बोर्डाने पंखा मेला असं धरलं आणि कुणीतरी एफ-१ दाबेल म्हणून वाट बघत बसला. कीबोर्डच नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन सीपीयू म्हणजे प्रोसेसरच्या पंख्याची तपासणी बंद केली, तेव्हा तो लाइन आली की मुकाट सुरू व्हायला लागला. पण मग पंखा खरंच मेला तर सांगणार कोण? त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. दर मिनिटाला तापमान बघायचं, ८५ च्या वर गेलं की चालू काम थांबवून मशीन धडपणे बंद करायचं. डिस्क चालू असताना झटक्यात बंद पडण्यापेक्षा हे कधीही बरं.

याच सुमारास मला कूलरची बुद्धी सुचली. कूलर म्हणजे आपला डेझर्ट कूलर, ताट्या आणि पाण्याची टाकी असलेला. विदर्भात मे महिन्यात माणूस त्याच्याशिवाय जगत नाही, मग मशीनने काय पाप केलं? आमच्याकडची हवा कोरडी असते म्हणून तो चालतो. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के ओल असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३-२४ वर थांबतो. चांगल्या भिजलेल्या ताट्यांतून आलेली हवा अठ्ठावीस-तीसपर्यंत उतरते. जुना छोटा कूलर वर नेऊन मशीनच्या तोंडावर लावला. प्रोसेसर ६२ वर आला आणि मी दोन दिवस गावभर सांगत फिरलो.

तिसऱ्या दिवशी ताट्यांवर पाणी जरा जास्त सुटलं आणि वाऱ्यासोबत बारीक थेंब उडाले. कॅबिनेटच्या जाळीवर पांढरे ठिपके. आमच्या बोअरचं पाणी एवढं खारं की कूलरच्या टाकीत दर हंगामात पांढरा थर खरवडावा लागतो, तेच पाणी मी डिस्कवर शिंपडत होतो. मागच्या पट्टीच्या स्क्रूंवर आठवड्यात तांबेरा धरला. शिवाय ज्या डब्याला जास्तीत जास्त शंभर-सव्वाशे वॅट लागतात, तो थंड करायला दीड-दोनशे वॅटचा कूलर चालवायचा हा हिशेब बाबांना समजावताना माझी जीभ अडखळली. कूलर खाली आला. माणसं झोपतात त्या खोलीत तो तसाही चालतो, तिथे मशीन झोतापासून लांब ठेवलं तर ठीक. थेट तोंडावर नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मला सगळ्यात शेवटी सापडला, आणि तो हार्डवेअरचा नव्हताच. लिनक्समध्ये प्रोसेसरची कमाल गती टक्क्यांत बांधून ठेवता येते. एका फाईलमध्ये आकडा लिहायचा, एवढंच. मी ७५ लिहिले. चारही कोअर ताणावर असताना ३.२ गिगाहर्ट्झवर पळायचे, ते २.५ वर आले. गती उतरली की प्रोसेसरला व्होल्टेजही कमी लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते, म्हणून गतीच्या मानाने ताप जास्त उतरतो. पाच तासांचं काम साडेसहा तासांवर गेलं. पण नवरी सकाळी सहाला व्हिडिओ मागायला येत नाही.

३७, ६१, २४.

चोवीस! वहीत त्या आकड्याभोवती मी गोल काढला. एकोणसाठवरून चोवीस, आणि खर्च अडीचशे अधिक चाळीस अधिक स्पिरिटचे पंचवीस. स्टॅबिलायझर धरत नाही, तो आता फ्रिजला लावलाय.

तिसरा रकाना आणखी खाली आणणं माझ्या ऐपतीत नव्हतं, म्हणून मग पहिल्या रकान्याकडे वळलो. थर्मामीटर घेऊन दुपारी तीन वाजता घरभर फिरलो. टिनाच्या खोलीत ४५. स्लॅबच्या बैठकीत ४१. सपरीत, म्हणजे ओसरीत, ४२. मागची कवेलूची (कौलांची) जुनी खोली, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, उत्तरेच्या भिंतीशी रांजण, तिथे ३५. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

“काहून रे, हे मोजून पाहा लागते का? रांजन काय उगाच अथी ठेवला का तुह्या आजीनं?”

मशीन तिथे हलवलं, रांजणापासून लांबच्या कोपऱ्यात, दोन विटांवर पाट टाकून. रात्री काम लावलं: ३२, ५६, २४. तिसरा रकाना जसाच्या तसा, पाच अंश नुसते भिंतींनी दिले. काम आता रात्री एकला सुरू होतं आणि सकाळी साडेसातला संपतं, म्हणजे पहाटेची थंड हवा त्यालाच मिळते. नवतप्यात सर्वात वाईट आकडा ६३ आला. स्क्रिप्टने अजून एकदाही मशीन बंद केलेलं नाही.

धुळीसाठी आधी आईच्या जुन्या ओढणीचं कापड जाळीला लावलं होतं. फरक लगेच २४ वरून ३० वर. कापड हवाही अडवत होतं. ते काढून मच्छरदानीचा तुकडा लावला, मग फरक २५. दर पंधरा दिवसांनी धुतो. कवेलूच्या खोलीत वरून माती झडते, पालही असते, म्हणून कॅबिनेटची बाजू उघडी ठेवायचा मोह आवरला.

जुलैत पाऊस लागला. बाहेर ३० अंश, गदगदतं वातावरण, खालच्या खोलीतला कूलर नुसता चिकट वारा फेकतो म्हणून बंद केला. मशीनला ओलीचा काही त्रास दिसत नाही. चोवीस तास चालू असल्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच असतं, त्यावर दव धरत नाही. बाबांनी बिलाचं विचारलं. रिकामं असताना ४० वॅट धरले तर महिन्याला २९ युनिट, असं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर दोन दिवस येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघत होते.

दिवाळीनंतर पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला. गाठोडी माडीवर नेताना बाबा टिनाच्या खोलीत उभे राहिले, मशीनचा रिकामा कोपरा बघितला, पायाने जागा मापली.

“हे बरं केलं तू,” म्हणाले. “आता दोन क्विंटल जास्त मावते.”